वॉर्डातला पेशंट बिघडतोय हे आधी कोण ओळखेल? तीन पद्धतींची तुलना

वॉर्डात दाखल असलेला पेशंट एका क्षणात कोसळला असं फार कमी वेळा घडतं. श्वास, नाडी, शुद्ध यांत बरेचदा काही तास आधीपासून फरक पडत असतो आणि तो चार्टवर लिहिलेलाही असतो. पण त्या आकड्यांकडे बघून वेळेत कोणी धावत नाही. हे धावणं पक्कं करण्यासाठी मुख्यतः तीन पद्धती वापरात आहेत. रुग्णालयासाठी त्यातली एक निवडायची असेल, तर एकच पेशंट तिन्हींतून नेऊन पाहणं उपयोगाचं ठरतं.

समजा, पेशंटचा श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९५ टक्के, वरचं बीपी १०८, नाडी १०४, ताप ३८.४ अंश सेल्सिअस. पूर्ण शुद्धीवर आहे, नीट बोलतोय.

एकेरी निकष

ठरवलेल्या मर्यादेबाहेर एक जरी आकडा गेला, तरी आपत्कालीन टीमला (बिघडलेल्या पेशंटकडे धावून येणाऱ्या डॉक्टर-नर्सना) बोलवायचं. बेरीज नाही, कागद नाही. नव्या नर्सलाही पाठ होईल इतकं सोपं. ऑस्ट्रेलियातल्या २३ रुग्णालयांत झालेल्या मेरिट चाचणीत श्वास ३६ च्या वर, नाडी १४० च्या वर, बीपी ९० च्या खाली अशा मर्यादा होत्या. आपला पेशंट यातल्या एकाही मर्यादेजवळ नाही, म्हणजे कोणालाच फोन जात नाही. या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. टीमला येणारे कॉल वाढले होते, पण हृदय बंद पडणं, अचानक आयसीयूत हलवावं लागणं आणि अनपेक्षित मृत्यू यांत ठोस फरक दिसला नाही. निकषात बसलेल्या अनेक पेशंटसाठी टीमला बोलावलंच गेलं नव्हतं, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

या पद्धतीतली एक गोष्ट मात्र जरूर उचलावी: ‘आकडे ठीक आहेत, पण मला काळजी वाटतेय’ एवढ्या कारणावरून नर्सला टीम बोलावता येणं.

न्यूज-२

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये हा स्कोअर (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय की नाही, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण देऊन बेरीज करायची. आपल्या पेशंटला श्वासाचे २ आणि सॅच्युरेशन, बीपी, नाडी, ताप यांचा प्रत्येकी १ गुण मिळतो. एकूण ६. एकही आकडा भीतिदायक नाही, तरी ५ किंवा जास्त झाले की डॉक्टरने तातडीने पाहायचं आणि तपासणी किमान दर तासाला करायची. ७ किंवा जास्त झाले तर आपत्कालीन टीम. थोडं थोडं सगळीकडे बिघडलेला पेशंट पकडणं हीच या पद्धतीची खरी ताकद. सेप्सिससाठी (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं) वापरला जाणारा क्यूसोफा हा छोटा स्कोअर इथे फक्त १ गुण देतो आणि धोक्यासाठी २ लागतात. स्क्रीनिंगसाठी एकट्या क्यूसोफावर विसंबू नये, असं सेप्सिसच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

उणिवाही आहेत. हा स्कोअर १६ वर्षांखालच्या मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी नाही. फुप्फुसाच्या जुनाट आजारामुळे ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ राखायचं असतं आणि त्यांच्यासाठी गुणांची वेगळी पट्टी आहे. ती कोणाला लावायची हे जाणत्या डॉक्टरनेच ठरवून चार्टवर लिहायला हवं. नाहीतर ९० सॅच्युरेशनचा खरोखर धोक्यातला पेशंट शून्य गुणांत लपतो.

सगळ्यात नाजूक जागा श्वासाची. तो पूर्ण मिनिटभर मोजायचा असतो, पण घाईत नजरेने अंदाज घेऊन १८ किंवा २० लिहिलं जातं. आपल्या पेशंटचा श्वास २२ ऐवजी २० लिहिला, की स्कोअर ६ वरून थेट ४ वर येतो आणि तातडी संपते.

कॉम्प्युटर मॉडेल

इलेक्ट्रॉनिक नोंदींतून लॅबचे रिपोर्ट, वय, जुने आजार असं सगळं वाचून हे मॉडेल धोका सांगतं. आपल्या पेशंटबद्दल ते काय म्हणेल, हे बाहेरून सांगता येत नाही. अनुभवही दोन टोकांचे आहेत. रुग्णालयांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक कंपनीचं सेप्सिस मॉडेल मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात तपासलं गेलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दाखल पेशंटांपैकी १८ टक्क्यांवर अलर्ट वाजले, तरी सेप्सिसचे ६७ टक्के पेशंट सुटले. उलट उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैझर परमनेंटे या आरोग्यसंस्थेच्या रुग्णालयांत अशाच एका यंत्रणेनंतर मृत्यूचं प्रमाण कमी झालं (निष्कर्ष २०२० चे). तिथे अलर्ट थेट वॉर्डात वाजत नव्हता. लांब बसलेल्या अनुभवी नर्स आधी तो तपासायच्या आणि मगच वॉर्डातल्या टीमला फोन करायच्या.

निवडायचं काय?

मोठ्यांच्या सर्वसाधारण वॉर्डासाठी माझं मत स्पष्टपणे न्यूज-२ च्या बाजूने आहे, सोबत ‘काळजी वाटतेय’ हा निकष जोडून. रात्रपाळीला इतकी कमी माणसं असतील की बेरीज होणारच नाही, तर एकेरी निकषांनी सुरुवात करा, पण वर पाहिलेल्यासारखा पेशंट त्यातून सुटेल हे धरून चाला. मॉडेल विकत घेण्याआधी ते आपल्याच जुन्या नोंदींवर चालवून मागा: किती पेशंट सुटले, एका खऱ्या पेशंटमागे किती खोटे अलर्ट आले? आणि काहीही निवडलं तरी आधी एक कागद भरा. रात्री ३ वाजता स्कोअर ७ आला तर फोन कोणाला, तो किती मिनिटांत पोचणार, नाही आला तर दुसरा फोन कोणाला. हे रकाने नावानिशी भरता येत नसतील, तर खरेदी थांबवून आधी ती माणसं नेमा.