पिसवांची फवारणी: साखर पेठेतल्या भाड्याच्या घरातून

आमच्या घरी पिसवांची फवारणी केली त्या मंडळींना पाचपैकी चार तारे देते. एक का कापला ते पुढे येईलच. आधी चार कशाचे ते सांगते, कारण सोलापुरात पिसवांसाठी माणूस शोधायला निघालात तर फोनवर जो तो ढेकणांचंच पॅकेज गळ्यात मारतो.

घर साखर पेठेत, तळमजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बांधकाम जुनं, खाली शहाबादी फरशी, आणि फरशांच्या सांध्यात बोटाचं पेर जाईल इतक्या फटी. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्वी घरमालकांचे माग चालायचे, आता तिथं मोकळी बाचकी आणि सुताचा कचरा. उन्हाळाभर घर बंद होतं. आम्ही श्रावणाच्या तोंडाला राहायला आलो आणि आल्याआल्याच तिघांचेही पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल पुटकुळ्यांनी भरले.

मुलगा म्हणाला डास. शेजारच्या वहिनी म्हणाल्या ढेकूण. औषधाच्या दुकानदारानं पित्त उठलंय म्हणून गोळी दिली. सासूबाई मंगळवेढ्याकडच्या, शेळ्यांच्या घरात वाढलेल्या. त्यांनी नुसते पाय बघितले आणि म्हणाल्या, "पिसवा आहेत." लगोलग कडुलिंबाच्या पाल्याची धुरीही करून झाली. डास गेले, चावणं तसंच राहिलं. बरं, सासूबाईंच्या निदानावर घरमालकीण अक्का खर्चाला हात लावतील कशा? "आमच्यात असलं कधीच नव्हतं ओ ताई, तुमच्या सामानातनं आलं असंल."

पहिला फोन केला त्यांनी घर न बघता, कुठं चावतंय हेही न विचारता दर सांगितला आणि वर "एकदा मारलं की विषय संपला, सहा महिने गॅरंटी". नाव लिहीत बसत नाही. दुसरा फोन केला तो ज्यांना हे तारे देतेय त्यांना. ह्यांचा पहिला प्रश्न होता, "चावतंय ते पायाला की हाताला, मानेला?" दुसरा, "आधीच्या भाडेकरूंकडं मांजर, कुत्रं होतं का? घर किती दिवस बंद होतं?" तिथंच वाटलं, ह्या माणसाला काम कळतं.

फवारणीआधी बघायला एकजण आला, त्याचे पैसे वेगळे नाहीत. पिशवीतून पांढरे शुभ्र लांब मोजे काढले, गुडघ्यापर्यंत ओढले आणि आतल्या खोलीत भिंतीच्या कडेनं पाय घासत हळूहळू चालला. मग दारातल्या उजेडात येऊन उभा राहिला. मोज्यांवर काळे ठिपके, आणि त्यातला एक उडालाच. दुसरा त्यानं चिकटपट्टीखाली धरला आणि माझ्या हातात दिला. तिळाहून बारीक, गडद तपकिरी, पंख नाहीत, मागचे पाय लांब. "ढेकूण वरून दाबल्यासारखा चपटा असतो ताई, ही दोन्ही कडांनी चेपलेली. म्हणून केसांतनं सरसर जाते." मग कॉटखालची काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापडावर टिपली. थोड्या वेळानं तिच्याभोवती तांबूस डाग पसरला. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी धूळ असती तर रंग सुटला नसता. गाद्यांच्या शिवणीही उलगडून बघितल्या, तिथं ढेकणांची एकही खूण नव्हती.

नंतर तो बाहेर पडला आणि सरळ जिन्याखाली बॅटरी मारली. तिथं बाचक्यावर एक मांजरी चार पिलांना घेऊन निजलेली. पिलांच्या पोटावरचे केस बाजूला केले तर पिसवा पळताना दिसत होत्या. त्यानं अक्कांना बोलावून दाखवलं. सामानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानं जे समजावलं त्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला बसले. पिसू अंडी मांजराच्या अंगावर घालते, पण ती घसरून खाली पडतात. अळ्यांना उजेड नको असतो, त्या फटीत शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या त्याच रक्ताळलेल्या विष्ठेवर वाढतात. पुढं कोश करतात. कोश चिकट असतो, त्याला धूळ, सूत, केस चिकटून तो दिसेनासा होतो, आणि फवारलेलं औषध त्याच्या आत पोचत नाही. आतली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते. पायांची धडधड, अंगाची ऊब आणि श्वास जाणवला की बाहेर येते. बंद घरात आमची पावलं वाजली आणि त्या उठल्या. त्यात पावसाळ्याची दमट हवा, अळ्यांना तीच मानवते.

म्हणूनच त्यानं आधीच सांगून टाकलं की फवारणीनंतरही दोन आठवडे, कधी थोडं जास्तच, नव्या पिसवा दिसणार. कोशातून निघतील आणि औषधावर चालून मरतील. "तोपर्यंत फरशी कडेकडेनं पुसू नका, औषध निघून जातं." सोलापुरातल्या बाईला फरशी पुसू नको म्हणणं म्हणजे काय ते सासूबाईंना विचारा. मधलं तेवढं पुसायचं, ह्यावर तोडगा निघाला.

औषधं दोन होती. एक मोठ्या पिसवा मारणारं, दुसरं अळीची वाढ रोखणारं. दोन्ही डबे लेबलासकट दाखवले. कीटकनाशक कायदा १९६८ चा, व्यवसाय म्हणून फवारणी करायची तर परवाना लागतो. मी मागितल्यावर त्याची प्रत कुरकुर न करता मोबाईलवर पाठवली. मांजरी आणि पिलं हलवल्याशिवाय जिन्याखाली नळी नेली नाही, हे मला विशेष वाटलं. कुत्र्यासाठीच्या पिसवांच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजरांना विषारी, त्यामुळं कुत्र्याचे थेंब मांजरावर टाकू नका, असंही बजावलं. मग जनावरांच्या डॉक्टरांकडून मांजरीपुरते थेंब आणले. पिलं औषधाला फार लहान होती. अक्कांचा नातू रोज बारीक दातांच्या फणीनं त्यांना विंचरायचा आणि पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायचा. शाळेच्या अभ्यासापेक्षा हे काम त्यानं मन लावून केलं.

बाकीची मेहनत मात्र आपली आपणच करायची, ह्यांच्या दरात ती बसत नाही. पांघरुणं ६० अंशाच्या पाण्यात धुवा असं सांगून माणूस मोकळा होतो. आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, आणि चादरी सोलापुरी, भिजल्या की दोघांनी पिळाव्या लागणाऱ्या. पाण्याच्या दिवशी बंब पेटवून सगळ्या काढल्या. व्हॅक्यूम क्लीनर पतसंस्थेतल्या मैत्रिणीचा आणला, रोज फटीफटीतून फिरवला. त्याच्या हादऱ्यानं कोशातल्या पिसवा लवकर बाहेर येतात, तेही बरंच. पिशवी मात्र लगेच बांधून बाहेर टाकायची. उतार पडतोय का हे बघायला रात्री जमिनीवर साबणाच्या पाण्याची ताटली आणि वर छोटा दिवा ठेवायचो. उजेडाकडं उडी मारतात आणि बुडतात. सुरुवातीला सकाळी ताटलीत काळा थर असायचा, दुसऱ्या फवारणीनंतर पाणी स्वच्छ राहायला लागलं.

दोन फवारण्यांचे मिळून २,२०० रुपये घेतले. स्वस्त नाही, पण ढेकणांचं पॅकेज घेऊन बसलो असतो तर जिन्याखाली कुणी वाकलंच नसतं. ११ महिन्यांच्या करारात किड्यामुंग्यांचा खर्च कुणाचा ह्यावर अवाक्षर नव्हतं. ह्यांनी बिलावर "घर बंद, जिन्याखाली मांजर" असं कारण लिहून दिलं, तेवढ्यावर अक्कांनी अर्धे दिले. नवा करार करताना ही ओळ घालून घ्या.

आता कापलेला तारा. "वास येत नाही" हे सांगतात ते खोटं. डोकं धरेल असा वास रात्रीपर्यंत होता. फरशीवर पांढरे ओघळ राहिले ते आजही देव्हाऱ्यापाशी दिसतात. आणि वेळ! दुसऱ्या खेपेला सकाळी ११ ची वेळ देऊन दुपारी तीनला आले. फरशी वाळेपर्यंत घरात जाता येत नाही, सासूबाई तोवर वहिनींच्या ओट्यावर बसून. त्यांनी आल्याआल्या त्या पोराला झापलं आणि मग चहाही पाजला, तो भाग वेगळा. बोलवायचं तर दिवसातलं पहिलं काम तुमचंच ठेवा म्हणावं, आणि निघालात का म्हणून सकाळी एक फोन करावा.