जर्मन फुटबॉलचा थोर गोलवीर कोण, म्युलर की क्लोसे?

नुसते आकडे पाहिले तर मिरोस्लाव्ह क्लोसे पुढे: जर्मनीसाठी 71 गोल, गेर्ड म्युलरचे 68. पण क्लोसेला त्यासाठी 137 सामने लागले, म्युलरला फक्त 62! माझा कौल म्युलरलाच. 1974 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला त्याचा गोल पाहा. चेंडू पायाला लागून मागे गेला, दुसऱ्या कुणाची संधी तिथेच हुकली असती. हा बुटका गडी गर्रकन वळला आणि जमिनीलगत फटका मारून मोकळा. नेदरलँड्स गार. त्यानंतर लगेच, वयाच्या 28 व्या वर्षी, त्याने राष्ट्रीय संघ सोडला.

क्लोसेचं हत्यार म्हणजे डोकं. 2002 च्या विश्वचषकात सौदी अरेबियाविरुद्ध तिन्ही गोल हेडरने. पोलंडमध्ये जन्मलेला, सुतारकाम शिकलेला हा खेळाडू चार विश्वचषक खेळला आणि 16 गोलांवर पोचला (म्युलरचे 14, तेही दोनच स्पर्धांत).

एका बाबतीत मात्र क्लोसेला तोड नाही. 2012 मध्ये तो लाझिओ या इटालियन क्लबकडून खेळत होता, आणि नापोली या दुसऱ्या इटालियन क्लबविरुद्ध त्याचा गोल बहाल झाला होता. चेंडू हाताला लागलाय, हे त्याने स्वतःच रेफ्रींना सांगितलं. गोल रद्द. लाझिओ सामना 3-0 ने हरला, पण हात मिळवायला नापोलीचे खेळाडू पुढे आले होते.