कॅम्पिंग ट्रेलरची वायरिंग: 12 व्होल्ट की घरच्यासारखी 230?

ट्रेलर मेळघाटाकडे न्यायचा असो की वरुडकडच्या संत्र्याच्या बागेत उभा करायचा असो, आधी व्होल्टेज ठरवा. दिव्याचा आकार मग बघू.

230 सोपं वाटतं, कारण बल्ब, होल्डर, स्विच तालुक्यात कुठेही मिळतात. पण वावरात ती वीज आणणार कुठून? शेतीच्या फीडरवर लाईन पाळीने येते, वर व्होल्टेजचा भरवसा नाही. मग इन्व्हर्टर घ्यावा लागतो. छोटा इन्व्हर्टर नुसता चालू राहून सहा वॅट खातो असं धरलं, तरी दहा तासांत 60 वॅट-तास गेले. 12 व्होल्टचे तीन-तीन वॅटचे चार एलईडी चार तास लावले तर लागतात 48. शिवाय खडबडीत रस्त्यावर होल्डरमधले बल्ब ढिले होतात.

म्हणून दिवे आणि पंखा 12 वरच घ्या, असं मी ठामपणे सांगेन. 230 चं एकच सॉकेट ठेवा, बॅटरीच्या चार्जरपुरतं, आणि त्याच्या आधी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळून शॉक बसू लागला की लाईन तोडणारा स्विच. पत्र्याचा डबा आणि पावसाळ्यातली ओली जमीन, इथे काटकसर नको.

आपल्याकडे बॅटरी खातो तो पंखा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, पत्रा रात्रीही तापलेला असतो. 25 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा नऊ तास चालला की 225 वॅट-तास. दिवे धरून 273. 12 व्होल्टची 60 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी अर्धीच वापरायची असते, म्हणजे 360 वॅट-तास. एक रात्र निघते. 40 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 80 टक्के वापरली तरी 400 च्या वर देते, वजनाला हलकी, किंमतीला जड. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहणार असेल तर मी लिथियमच घेईन. लेड-ॲसिड उतरलेली पडून राहिली की खराब होते.

दिव्यांत एलईडी स्ट्रिप स्वस्त, पण चार्जिंगच्या वेळी बॅटरीचं व्होल्टेज 14.4 पर्यंत जातं आणि नेमक्या 12 साठी बनवलेली स्ट्रिप लवकर जाते. 10 ते 30 व्होल्ट लिहिलेले, स्क्रूने बसणारे दिवे बरे. रंग पिवळसर, 3000 केल्विनच्या आसपास. पांढऱ्याशुभ्र उजेडावर पावसाळ्यात किडे जास्त येतात. एक दिवा बाहेर पायरीपाशी खाली लावा, विंचू-साप पाय टाकण्याआधी दिसायला हवा.

दिव्यात वाचलेले पैसे वायरमध्ये घाला. पाच मीटरवर पाच अँपिअर न्यायचे तर एक चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन 0.86 व्होल्ट गळतात, अडीचच्या वायरीत 0.34. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. घरच्या 230 च्या एसी विजेचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) बॅटरीच्या डीसी विजेला लावू नका, त्याला डीसीची ठिणगी नीट तोडता येत नाही.

ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात ट्रकचे 24 व्होल्टचे दिवे आणि ट्रॅक्टरचे 12 चे शेजारीशेजारी ठेवलेले असतात. नुसता ‘गाडीचा दिवा’ मागू नका, आकडा वाचून घ्या.