फ्लेक्सवाल्याचा फ्लेक्सबॉक्स: बेडकांचा खेळ आणि एफ बाराचं बटण

लातूरच्या गंजगोलाईजवळ माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्यातल्या निम्म्यांवर तरी वाढदिवसाचा नाहीतर निवडीचा माझा एखादा बॅनर लागलेला असतोच. त्यामुळं भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, तुम्हाला आधी फ्लेक्स शिकावं लागंल," तेव्हा मला हसूच आलं. त्याला म्हणायचं होतं फ्लेक्सबॉक्स, म्हणजे वेबपेजवरच्या वस्तू ओळीत मांडायची पद्धत.

झालं असं की आमच्या गल्लीत नीट परीक्षेच्या पोरांची मेस चालवणाऱ्या काकूंना एक वेबपेज पाहिजे होतं. "आईबाप गावाकडून फोन करून इचारतेत, जेवायला काय असतंय म्हणून. तेवढं एक पान करून दे की बाबा." मी हो म्हणून बसलो. बॅनर आखायच्या कोरल ड्रॉमध्ये चौकोन धरला, ओढला, सोडला की काम झालं. इथं ओढायला काही हातालाच लागत नाही, सगळं लिहून सांगायचं. वरण-भात-पोळी-भाजीचे चार फोटो एका ओळीत बसवता बसवता माझी एक आख्खी रात्र गेली.

भाच्यानं फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी हा खेळ लावून दिला. फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतो. तळ्यात बेडूक असतात आणि ज्या रंगाचा बेडूक त्याच रंगाच्या पानावर त्याला नेऊन बसवायचं. बाजूच्या चौकटीत सीएसएसची, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या भाषेची, ओळ लिहायची. पहिल्या लेव्हलला जस्टिफाय-कंटेंटपुढं (ओळीत वस्तू कुठं सरकवायच्या ते) फ्लेक्स-एंड (शेवटाला) लिहिलं की बेडूक सरळ उजव्या काठाला. चुकलं तर कुठं चुकलं तेही लगेच दिसतं, कारण बेडूक भलत्याच ठिकाणी जाऊन बसलेला असतो. एकूण २४ लेव्हल. पहिल्या वीस मी दोन संध्याकाळींत केल्या, गिऱ्हाईक सांभाळत. शेवटची मात्र घाम काढते. तिथं दिशा, ओळी उलट्या मोडणं आणि ओळींमधलं अंतर सगळं एकदमच येतं. आडवं कुठलं आणि उभं कुठलं ही गल्लत माझी याच खेळानं घालवली. ओळीची दिशा कॉलम केली की जस्टिफाय उभं काम करतं, हे आता झोपेतही सांगीन.

पण खेळ तिथंच संपतो. उरलेली जागा भरायला वस्तू ताणणारं फ्लेक्स-ग्रो नाही, दोन वस्तूंत फट सोडणारं गॅप नाही. आणि माझं खरं दुखणं तर बेडकांच्या गावचंच नव्हतं. काकूंच्या पानावर भगव्या पट्टीच्या वर एक पांढरी चीर राहत होती. बॉडीचं, म्हणजे आख्ख्या पानाचं, मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) शून्य केलं, पट्टीचंही केलं, चीर जाईना. ओळखीच्या एका क्लासवाल्यानं सांगितलं, "मायनस मार्जिन देऊन टाका." दिलं. कॉम्प्युटरवर बरं दिसलं, मोबाइलवर अक्षर छोटं केलं की मथळ्याचं डोकंच कापलं जायचं.

मग क्रोममध्ये एफ बारा दाबून इन्स्पेक्टर, म्हणजे पानाची आतली मापं दाखवणारी चौकट, उघडला, आणि या लेखात पाचपैकी पाच मार्क कुणाला द्यायचे तर यालाच. एखाद्या भागावर माऊस नेला की आतला मजकूर निळा, पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा) हिरवं आणि मार्जिन नारिंगी दिसतं. पट्टीवर नेला, नारिंगी काहीच नाही. आतल्या मथळ्यावर नेला आणि ती चीर बरोब्बर नारिंगी झाली. शेजारच्या चौकटीत आकडा: २१.४४. असला आकडा मी कशाला लिहीन? तो ब्राउझरनं स्वतःच घातलेला. मथळ्याचं अक्षर ३२ पिक्सेल, त्याच्या ०.६७ पट मार्जिन. वर बॉर्डर किंवा पॅडिंग काही नसलं की लेकराचं (इथं मथळ्याचं) मार्जिन आईच्या (पट्टीच्या) अंगाबाहेर सांडतं. पट्टीला वरून थोडं पॅडिंग दिलं, विषय संपला.

फोटोखालची फट निराळी. फोटो ही ब्राउझरच्या लेखी ओळीतली एक वस्तू, अक्षरांसारखी. त्यामुळं ओळीखाली लटकणाऱ्या भागासाठी, आपल्या उकारासाठी म्हणा, तो जागा राखून ठेवतो. फोटोला डिस्प्ले ब्लॉक केलं की फट जाते.

मोबाइलवर पान डावीकडं-उजवीकडं सरकायचं, तो भाग मात्र मला कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. दहा बाय सहाचा बोर्ड म्हणजे फ्रेम दहा फुटांची, का ठोकायला सोडलेली कड धरून दहा फूट, यावरून माझी गिऱ्हाइकांशी दर आठवड्याला हुज्जत होते. सीएसएस मुळात कड वेगळी मोजतं. रुंदी १०० टक्के, वर दोन्ही बाजूंनी २० पिक्सेल पॅडिंग, म्हणजे पान ४० पिक्सेल बाहेर. बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स लिहिलं की कड धरून मोजतं.

खेळाला चार मार्क देतो. मोबाइलवर खेळू नका, टाइप करताना वैताग येतो. आणि इंग्रजी सूचना वाचायचा कंटाळा असणाऱ्यानं शेजारी कुणीतरी पोरगं बसवून घ्यावं.

काकूंनी पान बघितलं. चिरेबद्दल अवाक्षर नाही. "भाजीत तर्री कमी दिसूलालीय," एवढंच म्हणाल्या.

आता ग्रिड गार्डन घेतलंय. २८ लेव्हल आहेत, बेडकांऐवजी गाजरं, आणि ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या चौकटींची मांडणी, लिहून नेमक्या वाफ्याला पाणी द्यायचं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या लातूरच्या माणसाला हे! अकराव्या वाफ्याला अडकलोय.