क्लासवर फी की महिन्यावर? संगीताची शिकवणी घेणाऱ्यांसाठी तुलना

मी पेटी आणि गाणं शिकवते. सुरुवातीची काही वर्षं माझा हिशेब सरळ होता: जितके क्लास, तितकी फी. वहीत नावापुढे टिक करायची आणि महिनाअखेरीला टिका मोजायच्या. पालकांना ते पटायचं, मलाही पटायचं. पण एक मंगळवार अजून डोळ्यांसमोर आहे. संध्याकाळचे सहा वाजत आले होते, तानपुरा लावून झाला होता, मागच्या वेळी अडलेला पलटा (सरावाचा स्वरक्रम) मी वहीत नीट लिहून ठेवला होता. सहाला दहा कमी असताना मोबाइलवर निरोप आला, "आज जमत नाहीये." त्याच आठवड्यात सहाची वेळ मागायला आलेल्या दोघांना मी जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं. वहीत त्या दिवशी फक्त एक रिकामा चौकोन राहिला.

विद्यार्थी आपल्याकडे शिकलेल्या मिनिटांचे पैसे देतो, की त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेचे? फी ठरवायला बसलात की आधी याचं उत्तर स्वतःशी ठरवा. माझं उत्तर आहे, राखलेल्या वेळेचे. पुढची सगळी तुलना मी त्याच बाजूने करते आहे, हे आधीच सांगते.

क्लासवर फी आणि महिन्याची फी

समजा तुमच्याकडे वीस विद्यार्थी आहेत, प्रत्येकाचा आठवड्याला एक क्लास. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी सुट्या आणि आजारपण वगळून ४४ आठवडे शिकवणी चालते. म्हणजे वर्षाचे ८८० क्लास. त्यातले शंभरात पंधरा विद्यार्थ्यांकडून चुकले असं धरू, तर उरले ७४८. क्लासवर फी घेत असाल, तर तेवढंच उत्पन्न यायला प्रत्येक क्लासची फी जवळपास १८ टक्के जास्त हवी. बहुतेक जण ती लावत नाहीत. मग नियमित येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला एकच दर पडतो, आणि मधली तूट शिकवणारा सोसतो.

तरीही क्लासवर फी काही ठिकाणी योग्यच आहे. ज्यांची नोकरी पाळ्यांची आहे असे मोठे विद्यार्थी, एखाद्या परीक्षेपुरते चार-सहा वेळा येणारे, पंधरा दिवसांतून एकदा अडलेलं विचारायला येणारे जाणते विद्यार्थी, यांना ठरलेला वार बांधून घालण्यात अर्थ नाही. आणि तुम्ही स्वतः कार्यक्रमांसाठी वारंवार बाहेर असाल, तर महिन्याची फी मागणं तुम्हालाच अवघड जाईल. अशा वेळी क्लासवरच घ्या, पण दर चढा ठेवा आणि आदल्या दिवसापर्यंत न कळवल्यास पूर्ण फी लागेल हे पहिल्याच भेटीत सांगा.

महिन्याच्या फीचे दोन प्रकार आहेत, आणि लोक ते एकच समजतात. पहिल्यात त्या महिन्यात जितके वार येतील तितक्यांचे पैसे. वर्षात चार महिने, कधी पाच महिने, तुमचा ठरलेला वार पाच वेळा येतो, म्हणून बिल खालीवर होत राहतं आणि दर वेळी "या महिन्यात जास्त का?" याचं उत्तर द्यावं लागतं. दुसऱ्या प्रकारात वर्षाचे ४४ क्लास धरून एकूण फीचे बारा सारखे भाग करायचे. महिन्याला ३.६७ क्लासची फी येते. पालकांना आकडा पाठ होतो, आणि सुटीच्या महिन्यातही तुमच्या घरात पैसे येतात. मी याच्यावर आले आणि तिथेच थांबले.

यात एक खाच आहे, ती दाखल करून घेतानाच मिटवावी लागते. कोणी तीन महिन्यांत सोडून गेलं, तर तेरा आठवड्यांत तेरा क्लास झालेले असू शकतात आणि फी आलेली असते अकरांची. सोडताना झालेल्या क्लासवर हिशेब होईल, ही ओळ लिहून दिलेली असली की नंतर मनं दुखावत नाहीत.

बुडालेला क्लास भरून देण्याचं मात्र जपून ठरवा. महिन्याची फी घेऊन प्रत्येक बुडालेला क्लास भरून देत गेलात, तर तुम्ही परत क्लासवरच्या फीवर आलात, वर रविवारही गेला. माझा नियम असा: २४ तास आधी कळवलं तर दर तीन महिन्यांत एक क्लास भरून मिळेल. विद्यार्थी आपापसांत वेळ बदलून घेत असतील तर माझी कधीच हरकत नसते. आणि क्लास मी रद्द केला, तर तो काही झालं तरी भरून देते. मूल आजारी असेल तर त्याच्या रियाजाचं रेकॉर्डिंग मागवते, ऐकून दहा मिनिटांत कुठे सूर सुटतोय ते बोलून पाठवते. नियमापेक्षा या एका गोष्टीने पालकांचा विश्वास जास्त बसला.

दहा क्लासचे पैसे एकदम घेण्याची पद्धतही आहे. रक्कम आधी येते, पण ती अजून कमावलेली नसते. ती वेगळी ठेवा आणि दहा क्लास किती आठवड्यांत संपवायचे तेही ठरवून द्या.

अर्धा तास, पाऊण तास, तास

इथे सगळ्यात जास्त चूक होते. अर्ध्या तासाची फी तासाच्या निम्मी ठेवणं वरकरणी न्याय्य दिसतं. पण प्रत्येक विद्यार्थ्यामागे वाद्य लावणं, पट्टी (गाण्याचा आधार सूर) बदलणं, दारात पालकांशी दोन शब्द बोलणं, नंतर वहीत नोंद करणं, यात दहा मिनिटं जातातच. ती धरली तर अर्ध्या तासाला ४० मिनिटं लागतात आणि तासाला ७०. म्हणजे अर्ध्या तासाची फी तासाच्या सुमारे ५७ टक्के, आणि पाऊण तासाची सुमारे ७९ टक्के असायला हवी. लहान मुलांना अर्धा तास पुरतो. त्यांच्यावर तास लादू नका, फक्त भाव बरोबर लावा.

तुमच्याकडे, त्यांच्याकडे, ऑनलाइन

विद्यार्थ्याच्या घरी जायला २५ आणि यायला २५ मिनिटं लागत असतील, तर पाऊण तासाच्या क्लासला तुमची ९५ मिनिटं जातात. त्यासाठी दुप्पट फी मागताना संकोच करू नका. एकाच इमारतीत दोन विद्यार्थी मिळाले तर ती वाटून कमी करता येते.

ऑनलाइन स्वस्त असलं पाहिजे असं लोक धरून चालतात, मला ते पटत नाही. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे एकत्र गाता येत नाही, तबल्याची साथ देता येत नाही. तानपुऱ्याचा अखंड सूर ॲप गोंगाट समजून दाबून टाकतं, ती सेटिंग आधी बदलून घ्यावी लागते. शिकवणाऱ्याला कान जास्त ताणावा लागतो. तुम्ही जागेचं भाडं भरत असाल आणि ते वाचत असेल, तर तेवढंच कमी करा.

एकटा की गट

चौघांच्या गटात प्रत्येकाकडून एकट्याच्या ४५ टक्के फी घेतली, तर तासाचे १.८ पट पैसे मिळतात. दोघे सोडून गेले की तेच ०.९ पट होतात. म्हणून गट सुरू करताना किमान किती जण असतील तरच चालेल, हे ठरवा. तबल्याचे पहिले कायदे (ठरलेल्या बोलांच्या रचना) किंवा पेटीवरचे सुरुवातीचे अलंकार (स्वरांचे सरावाचे क्रम) गटात छान होतात. गाण्याचं तसं नाही. काळी एकमध्ये (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरून) मोकळा गाणारा आणि काळी चार लागणारी मुलगी शेजारी बसवली, तर एकाचा आवाज ताणला जातो किंवा दुसरीचा दबतो. गायनाचा गट पट्टी बघून करा. वय बघून केलेला गट मला दोनदा मोडावा लागला.

आकडा कुठून आणायचा

आसपासचे लोक काय घेतात ते विचारा, पण तिथून सुरुवात करू नका. वर्षाला घरात किती यायला हवं ते लिहा. त्यात जागा, पेटीचं ट्यूनिंग, तबल्याची पुडी (वरचं चामडं), इंटरनेट, कर आणि तुमचं स्वतःचं शिकणं मिळवा. मग वर्षभरात खरोखर घेता येतील अशा क्लासने भागा. आलेला आकडा आसपासच्या दरापेक्षा फार वर गेला, तर गट वाढवा, वेळेची मांडणी बदला. गुपचूप आकडा खाली ओढलात, तर दोन वर्षांनी शिकवण्याचाच कंटाळा येतो, आणि तो मुलांना कळतो. परवडत नसलेल्या पण मनापासून शिकणाऱ्या मुलासाठी एक-दोन जागा सवलतीच्या ठेवा. त्या आधी मोजून ठेवल्या की कुणाला नाही म्हणताना वाईट वाटत नाही.

फी वाढवताना

दर वर्षी थोडी वाढवायची, की चार वर्षांनी एकदम? महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर चार वर्षांत १०० ची किंमत ७९ वर येते, आणि ती भरून काढायला एकदम २६ टक्के वाढ करावी लागते. अशी उडी जुन्या विद्यार्थ्यांना लागते. मी दर वर्षी त्याच महिन्यात वाढवते आणि दोन महिने आधी एवढंच लिहून पाठवते: "पुढच्या सत्रापासून महिन्याची फी अमुक होईल. तुमची मंगळवार सहाची वेळ राखून ठेवली आहे. काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा."