केशरी जर्सी, बारा महिन्यांनंतर: एफसी पुणे सिटीच्या शेवटच्या हंगामाची सोबत

ऑक्टोबर २०१८ मध्ये घेतली होती, आता वर्ष झालं. कापड अजून उत्तम आहे. रंग जवळजवळ तसाच आहे. पाठीवरचा आकडा सुटत आलाय. आणि ज्या क्लबची ही जर्सी, तो क्लब आता नाही. जर्सीबद्दल लिहायचं तर हे सगळं एकत्रच लिहावं लागेल, कारण मी ती नुसती अंगात घालायला घेतली नव्हती.

मी शहापूरचा, म्हणजे बेळगावचाच. उद्यमबागेत फौंड्रीत काम करतो. रविवारी सकाळी ग्राउंडवर खेळतो, शाळेपासून खेळतोय. बेळगावात फुटबॉल आहे हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, पण इथल्या माणसाला सेंट पॉल्सच्या मैदानावरची फादर एडी स्मृती स्पर्धा किंवा टिळकवाडीतलं लेले मैदान समजावून सांगावं लागत नाही. खेळणारी पोरं भरपूर आहेत. नव्हता तो फक्त एक मोठा क्लब, ज्याला आपला म्हणावं.

इंडियन सुपर लीग या देशातल्या फुटबॉल लीगमध्ये २०१७ ला बेंगळुरू एफसी आला तशी आमच्या ग्रुपची तीन तोंडं झाली. बेंगळुरू एफसी राज्याचा संघ, शिवाय भक्कम आणि जिंकणारा. माझा सगळ्यात जवळचा मित्र कन्नड, तो पहिल्यापासून निळ्या जर्सीतला. दुसरं तोंड गोव्याकडे. ते साहजिकच आहे, मडगाव आम्हाला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ, आणि बेळगावची भाजी, दूध रोज पहाटे घाट उतरून तिकडेच जातं. मी पुण्याकडे गेलो. साडेतीनशे किलोमीटर लांब, स्पर्धा एकदाही न जिंकलेला संघ. कारण एकच, टीव्हीवर पुण्यातल्या बालेवाडी स्टेडियमच्या स्टँडमधून एकदा मराठीत ओरडणं ऐकू आलं होतं. इकडे राहणाऱ्याला त्याची किंमत वेगळी असते. बसची पाटी, सातबाराचा उतारा, कचेरीतला अर्ज, सगळीकडे आपली भाषा मागून घ्यावी लागते. तिथे ती हजारो लोक मोकळेपणानं वापरत होते, तेही फुटबॉलसाठी.

२०१७-१८ चा हंगाम पुण्याचा सर्वांत चांगला. रांको पोपोविच प्रशिक्षक होते, संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. समोर कोण, तर बेंगळुरू. पुण्यातला सामना ०-० सुटला, बेंगळुरूत ३-१ नं हरलो, तिन्ही गोल सुनील छेत्रीचे. त्या रात्री मित्रानं फोन केला नाही, दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं. पुढच्या हंगामात आपण वर जाणार या खात्रीनंच मी जर्सी घेतली.

मागे खेळाडूचं नाव घातलं नाही, नुसता ८ घालून घेतला, मी शाळेत त्याच आकड्यावर खेळायचो. साइजबद्दल एक सांगतो: नेहमीच्या टीशर्टपेक्षा एक नंबर मोठी घ्या. खांद्यात बरोबर बसते, पण बगलेत आवळते, आणि आत बनियन घालणाऱ्यांना तर फारच.

पहिल्यांदा घातली ती २२ ऑक्टोबरला. दसरा होऊन चार दिवस झाले होते. पहाटेची बस, संकेश्वर, निपाणी, कागल, कोल्हापूर, सातारा करत दुपारी स्वारगेट. मावसभाऊ पिंपरीला असतो, तो गाडी घेऊन आला. सामना साडेसातला आणि समोर पुन्हा बेंगळुरूच. स्टेडियम १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, त्यामुळे मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे. प्रेक्षक खेळापासून लांब बसतो. टीव्हीवर हे कळत नाही. पण आवाज लांब नव्हता. शेजारी एक काका होते, साठीच्या पुढचे, नातवाला घेऊन आलेले. मी बेळगावहून आलोय म्हटल्यावर त्यांनी पुढच्या रांगेतल्या चार जणांना सांगितलं. त्या चौघांनी आणखी कुणाला. मध्यंतराला वडापाव माझ्या हातात आला आणि पैसे कुणी घेईना.

मध्यंतरापर्यंत छेत्रीचे दोन गोल झाले होते, दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं. नंतर मिकूचा तिसरा. ०-३. स्टँड रिकामा व्हायला लागला, काका उठले नाहीत. त्यांनी मला सांगितलं, मी पुणे एफसीच्या, म्हणजे आधीच्या वेगळ्या क्लबच्या, वेळेपासून येतोय, दुसऱ्या क्रमांकावर आलो होतो तेव्हाही मी होतो, आणि क्लब बंद झाला तेव्हाही. त्या रात्री मला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं. वाकडच्या पुलापाशी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली, उजाडायच्या आत बेळगाव, आठ वाजता फौंड्रीच्या गेटवर. जर्सी घामानं ओली होऊन अंगावरच वाळली होती. वास राहिला नाही, ही या कापडाची खरी चांगली बाजू.

धुण्याचं सांगतो, कारण इथेच बहुतेकांची जर्सी बिघडते. गार पाणी, उलटी करून, हातानं. वॉशिंग मशीन मी एकदाच वापरलं आणि आकड्याची कड तेव्हाच उचलली. दुकानदाराकडे गेलो तर त्यानं हात झटकले. इस्त्री आकड्यावर कधीच फिरवू नका. इकडची तांबडी माती लागली तर लगेच धुवू नका, आधी सुकू द्या, झटका, मग साबण. ओल्यावर घासलं की माती धाग्यात बसते. माझ्या जर्सीच्या डाव्या कोपरापाशी असा एक डाग कायमचा आहे. उन्हात वाळत घालू नका, केशरी रंग उन्हानंच उतरतो. आमच्या माडीच्या आत दोरी आहे, तिथे पंख्याखाली अर्ध्या तासात वाळते. फौंड्रीच्या उष्णतेत मात्र ती घालण्यात अर्थ नाही, तिथे सुतीच बरं.

१ नोव्हेंबरला आई म्हणाली, "आज नको घालू ते, उगीच कोणतरी काय म्हणंल." बेळगावात त्या दिवशी एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा आणि दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिवस. त्यात केशरी घालून रस्त्यावर निघालं की फुटबॉल कुणाच्या लक्षात येणार? मी घातली नाही. मला ते बरं वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. मित्रानंही त्या दिवशी त्याची निळी घातली नाही, हे त्यानं नंतर सांगितलं. दोघांनीही घालायला हव्या होत्या, आणि एका गाडीवरून जायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, पुन्हा बालेवाडी. केरळा ब्लास्टर्स. पुण्यात मल्याळी माणूस केवढा आहे ते त्या दिवशी दिसलं, समोरचा स्टँड पिवळाच पिवळा. तोवर प्रशिक्षक मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना जावं लागलं होतं, अवघ्या तीन सामन्यांनंतर. दिल्लीत १-१, मुंबईकडून ०-२, बेंगळुरूकडून ०-३. प्रद्युम रेड्डी तात्पुरते प्रशिक्षक होते. मार्को स्टँकोविचनं लवकर गोल केला आणि मला आठवतं, आम्ही सगळे उभेच राहिलो, खाली बसायचं कुणाला सुचेना. उत्तरार्धात त्यांनी बरोबरी केली. १-१. मी हरलो नाही या आनंदात बेळगावपर्यंत झोपलो नाही. संघ घसरत चालला की माणूस एका गुणावरही जगतो. काका त्या दिवशी दिसले नाहीत. मी दोन्ही बाजूंच्या रांगा शोधल्या.

पुढचं मी टीव्हीवरच पाहिलं, सुट्ट्या संपल्या होत्या. पहिला विजय यायला नोव्हेंबर अर्धा उलटला. डिसेंबरात कोचीत मार्सेलिनोच्या गोलवर १-० जिंकलो. मग प्रशिक्षक म्हणून फिल ब्राउन आले, ज्यांनी २००८ मध्ये हल सिटीला प्रीमियर लीगमध्ये नेलं होतं. जानेवारीतल्या आशियाई चषकासाठी लीग थांबली आणि आमचा आशिक कुरुनियन भारताकडून खेळला. थायलंडला ४-१ हरवलं त्या सामन्यात तो धावत होता, आणि आमच्या घरी त्या दिवशी जर्सी माझ्या अंगावर होती, भारताची नव्हे, पुण्याची. शेवटी १८ सामन्यांत २२ गुण, सातवा क्रमांक. चौथ्या आलेल्या नॉर्थईस्ट युनायटेडपेक्षा ७ गुण कमी. हा काही मरणाऱ्या संघाचा तक्ता नव्हे. आमच्या खाली तीन संघ होते, ते तिन्ही पुढच्या हंगामात उतरले, दिल्ली तेवढा ओडिशात जाऊन नाव बदलून. मार्चमध्ये बेंगळुरूनं गोव्याला अतिरिक्त वेळेत १-० हरवून स्पर्धा जिंकली. राहुल भेकेचा गोल, मुंबईचं पोर. मित्रासाठी मला मनापासून आनंद झाला.

शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मला माहीत नव्हतं की ती शेवटची आहे. त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं. निरोप घेता आला नाही. कळलं असतं तर उसनी रजा काढून गेलो असतो.

उन्हाळ्यात खेळाडूंचे पैसे थकल्याच्या बातम्या आल्या. मालकी असलेल्या वाधवान समूहाची गृहकर्ज कंपनी डीएचएफएल जूनमध्ये देणी चुकवायला लागली होती, ते पेपरात रोज येत होतं. तेव्हा मला काकांचं बोलणं समजलं. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या मुख्य राष्ट्रीय लीगचा, उपविजेता, २०१५ मध्ये बंद. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळून बंद. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये बंद. दरवेळी खेळ नीट चालला होता, पोरं मेहनत करत होती. आटला तो मालकाचा पैसा, किंवा त्याची इच्छा. पुणे एफसीची अकादमी पुणे सिटीनंच घेतली होती. म्हणजे एकाच शहरातल्या काही पोरांनी थोड्या वर्षांत दोनदा घर गमावलं. मला माझ्या जर्सीपेक्षा त्यांचं जास्त लागतं. सोळा वर्षांच्या पोराचं एक वर्ष गेलं की ते परत येत नाही, हे मी स्वतः खेळलोय म्हणून सांगतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इकडे पूर आला. बळ्ळारी नाला फुगला, शहापूर-वडगावच्या शेतांत आणि खालच्या घरांत पाणी. महामार्ग कोल्हापूरजवळ बुडाला, कित्येक दिवस पुण्याला जायची वाटच नव्हती. आमच्या खालच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. जर्सी ट्रंकेत, ट्रंक पाण्यात. चौथ्या दिवशी काढली तेव्हा चिखलानं काळी होती. तीन पाण्यांत साफ झाली. आईची दोन लुगडी गेली, वडिलांचा कोट गेला, ही टिकली. कापडाला मी पूर्ण गुण देतो ते यामुळे. त्याच महिन्याच्या अखेरीस बातमी आली की पुण्याची जागा हैदराबाद घेणार, नवे मालक, नवं नाव. गोलरक्षक विशाल कैथ चेन्नईला गेला. आशिक गेला बेंगळुरूला. मित्रानं त्या दिवशी मात्र लगेच फोन केला. "आशिक आला बघ आमच्यात. तू पण ये की," म्हणाला. चिडवायला नाही, खरंच बोलावत होता. मी येतो म्हणालो नाही.

कुणी विचारतात, बंद पडलेल्या क्लबची जर्सी आता कुठं स्वस्तात मिळाली तर घ्यावी का? रोज खेळायला हवी असेल तर जरूर घ्या, आकडा मात्र छापून घेऊ नका, शिवून घ्या. संग्रहासाठी घेत असाल तर मला त्यातलं काही कळत नाही. आणि एखाद्या चालू क्लबची घेत असाल तर नुसती जर्सी घेऊन थांबू नका. जा, एक तरी सामना स्टँडमध्ये बसून बघा, यंदाच बघा. मी दोन बघितले. पाच बघता आले असते.

२५ ऑक्टोबरला हैदराबादचा पहिला सामना कोलकात्यात होता. मी मित्राच्या घरी गेलो, केशरी घालून. कडेला उभे फिल ब्राउन, संघात मार्सेलिनो, निखिल पुजारी, आदिल खान अशी आपलीच नावं, अंगावर पिवळं. कोलकात्याच्या एटीकेनं ५-० नं हरवलं. तिसऱ्या गोलनंतर मित्रानं टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्याच्या आईनं आत जाऊन कुंद्याचा डबा आणला.

काल खडेबाजारातल्या शिंप्याकडे आकडा शिवायला टाकला. त्यानं जर्सी उजेडात धरून चिन्हावरचा घोडा बघितला, कुठली टीम म्हणून विचारलं. पुण्याची, म्हटलं. पांढरा धागा हवा की केशरी, एवढंच त्यानं पुढे विचारलं. मी पांढरा सांगितला, आकड्याशी जुळतो. शनिवारी संध्याकाळी मिळेल. रविवारी साडेसहाला ग्राउंड आहे.