एसएसएच की सिरियल कन्सोल: स्क्रीनचं माप कोण कळवतं?

जळगावातून धुळ्याच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने (नेटवर्कवरून दूरच्या संगणकावर काम करायची सोय) लॉगिन केलं, की आपल्या टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या ओळी-रकाने सुरुवातीलाच पलीकडे कळतात. खिडकी ताणली तरी नवं माप आपोआप जातं, व्हिम हा मजकूर-संपादक लगेच स्वतःला मांडून घेतो.

सिरियल कन्सोल म्हणजे सर्व्हरला थेट जोडलेल्या सिरियल तारेवरून काम करणं. या तारेवरून मात्र नुसती अक्षरं धावतात, माप आपोआप जात नाही. सर्व्हरवर ‘एसटीटीवाय साइझ’ या आज्ञेने माप विचारा, बहुतेकदा ‘0 0’ येतं. मग प्रोग्राम बिचारे 24 ओळी, 80 रकाने धरून चालतात आणि मोठ्या खिडकीत व्हिम वरच्या कोपऱ्यात अंग चोरून बसतो. ‘एसटीटीवाय’लाच ओळी 40, रकाने 132 असं हाताने सांगा किंवा ‘रीसाइझ’ हा प्रोग्राम चालवा. तो टर्मिनललाच माप विचारतो. खिडकी बदलली की पुन्हा तेच.

रोजच्या कामाला एसएसएचच. सर्व्हरचं नेटवर्कच बसलं, तर सिरियल कन्सोल कामी येते.